निळ्या रंगाची घडी

आमच्या घरचा संक्रांतीचा हलवा पांढराच असतो. तो तसा नेहमी नव्हता. आप्पांचा साखरेच्या गाठी, बत्तासे आणि हलवा करण्याचा छोटा धंदा होता. मागच्या पडवीत तीन शेगड्या, दोन मोठ्या पराती आणि पौषापासून पाडव्यापर्यंत हाताला उसंत नाही. मी सातवी-आठवीत असेपर्यंत त्या परातींतून पांढऱ्याबरोबर गुलाबी, पिवळा आणि पोपटी हलवाही निघत असे. मग एका पौषात अन्नभेसळ खात्याचे लोक नमुना घेऊन गेले आणि तीन महिन्यांनी तपासणीचा कागद आला. गुलाबी हलव्यात निघालेला रंग कापडाचा होता. ज्याच्याकडून डबी आणली त्या व्यापाऱ्याने ती खाण्याच्या रंगाची म्हणून दिली होती, पण त्याची पावती नव्हती. आप्पांनी तालुक्याच्या कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला, घरी येऊन रंगाच्या सगळ्या डब्या मोरीत ओतल्या. दोन दिवस मोरी रंगपंचमीसारखी दिसत होती. त्यानंतर त्यांनी रंगीत काही केलं नाही आणि पावतीशिवाय मीठसुद्धा विकत घेतलं नाही.

मी वाणिज्य शाखेची. सहकारी पतपेढीत हिशेब लिहिण्यात तीस वर्षं गेली. रसायनशास्त्र मी शिकले ते त्या मोरीमुळे, जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणि अलीकडे संगणकावर मिळणाऱ्या शोधनिबंधांतून. खाण्याच्या रंगांचा इतिहास हा माझा पंधरा वर्षांचा नाद आहे. त्यातला एक रंग मला सगळ्यांत जास्त छळत आला. तो निळा.

घरगुती रंगांची यादी करून पाहा. पिवळ्याला हळद आणि केशर, लालला बीट, हिरव्याला पालक. निळ्यापाशी हात थांबतो. गोकर्णीचं फूल आहे, पण त्याच्या निळ्या पाण्यात लिंबाचा थेंब पडला की ते जांभळं होतं. नीळ आहे, तिची जागा कपड्यांच्या बादलीत. जगभर हीच अडचण होती. १८५६ साली विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि पुढच्या पन्नास वर्षांत डांबरी रंगांनी मिठाईचं दुकान ताब्यात घेतलं. अमेरिकेने १९०७ साली खाण्यासाठी चालतील असे सातच रंग निवडले, त्यात निळ्याच्या नावाने जो होता तो निळीवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून केलेला. आजही आपल्याकडे परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांत निळे दोन, इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू. दोन्ही कारखान्यातले.

हा इतिहास मी मनाशी जुळवत असताना एका बातमीने मला थबकवलं. २००६ साली नेस्लेने ब्रिटनमधल्या आपल्या स्मार्टीज गोळ्यांतून कृत्रिम रंग काढून टाकले. बाकीच्या रंगांना वनस्पतींतले पर्याय सापडले, निळ्याला सापडला नाही. म्हणून त्यांनी निळी गोळी बंद करून तिच्या जागी पांढरी ठेवली. मी ते वाचलं तेव्हा पडवीतल्या पराती डोळ्यांसमोर आल्या. मोठ्या कंपनीनेही शेवटी आप्पांचाच मार्ग धरला होता.

गंमत अशी की निळ्यावर आरोप कुणी केलाच नव्हता. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी काही रंग, सोडियम बेंझोएट आणि मुलांचं अतिचळवळेपण यांचा संबंध तपासणारा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्याचा परिणाम म्हणून २०१० पासून युरोपात सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्या सहांत पिवळे आहेत, नारिंगी आहे, लाल आहेत. निळा एकही नाही. पण एकदा ग्राहक 'कृत्रिम' या शब्दालाच घाबरला की कोणता रंग निर्दोष होता हे कुणी विचारत बसत नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये निळी स्मार्टी परत आली. तिचा रंग स्पिरुलिना नावाच्या शेवाळातून काढलेला होता.

इथे हलव्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मंद शेगडीवरच्या परातीत तीळ घ्यायचे, त्यावर चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. पाक सुकला की दुसरा चमचा. असे थरावर थर चढवत गेलं की तीन-चार दिवसांनी दाणा फुगतो आणि त्याला काटे येतात. स्मार्टीचं कवच याच पद्धतीने होतं. परातीऐवजी फिरणारं मोठं पातेलं, तिळाऐवजी चॉकलेटचा दाणा, आणि काटे येऊ नयेत म्हणून जास्त वेगाने घोळवणं. आई ज्याला हलवा म्हणत होती त्याच कुळातली ती गोळी आहे. शेवाळाचा निळा टिकला तो अशाच साखरेच्या कवचात. ते का, हे कळायला शास्त्राला फार वेळ लागला.

शेवाळ खाणं नवं नाही. मेक्सिकोच्या टेक्सकोको सरोवरावरून जाळ्यांनी गोळा केलेल्या हिरव्या वड्या आझ्टेक लोकांच्या बाजारात विकल्या जात, याची नोंद सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश लेखकांनी केली आहे. आफ्रिकेत चाडच्या सरोवराकाठच्या कानेम्बू बायका तसंच शेवाळ वाळूवर वाळवून त्याच्या वड्या पाडतात, त्या वडीला दिहे म्हणतात. सैन्यातल्या एका फ्रेंच औषधनिर्मात्याने पाठवलेल्या नमुन्यावरून दांजार याने १९४० साली तिच्यावर टिपण लिहिलं आणि ते विसरलं गेलं. १९६४-६५ साली सहाराच्या मोहिमेवर गेलेला बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ लेओनार याला ती वडी बाजारात पुन्हा दिसली. दोन्ही ठिकाणची सरोवरं खारी आणि सोड्याची. आपलं लोणार त्याच जातीचं आहे, पाण्याचा सामू दहाच्या आसपास, आणि हे शेवाळ तिथेही वाढतं. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे फोटो आले. आघारकर संस्थेने त्याचं कारण मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. पण एरवीच्या हिरव्या लोणारात निळा रंग दडलेला आहे, हे फोटो काढणाऱ्यांना सांगायचं राहून गेलं.

तो दडलेला आहे हे युरोपात कळलं ते एकोणिसाव्या शतकात. १८४३ साली क्युट्झिंग या जर्मन शेवाळतज्ज्ञाने शेवाळातल्या पाण्यात उतरणाऱ्या निळ्याला फायकोसायन असं नाव दिलं. शब्द ग्रीक आहे, अर्थ सरळ 'शेवाळ-निळा'. आपण त्याला आता फायकोसायनिन म्हणतो.

पुढची ऐंशी-पंचाऐंशी वर्षं नाव होतं, आत काय आहे हे ठाऊक नव्हतं. ते रुडॉल्फ लेम्बर्गने हायडेलबर्गला १९२८ च्या सुमारास शोधायला घेतलं. त्याच्या लक्षात आलं की हे निळं द्रव्य पित्ताच्या रंगद्रव्यांचं भाऊबंद आहे. मुका मार लागला की कातडीवर दोन-चार दिवसांनी जो हिरवट डाग उमटतो, तो रक्त मोडून तयार झालेल्या पित्तरंगाचा. शेवाळातला निळा त्याच घराण्यातला, चार कड्यांची उघडी साखळी. लेम्बर्ग ज्यू घरातला. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि हायडेलबर्ग त्याला बंद झालं. तो केंब्रिजला गेला, तिथून १९३५ साली सिडनीला, आणि पुढचं आयुष्य तिथल्या एका रुग्णालयाच्या संशोधनशाळेत काढलं. खाण्याच्या रंगांच्या पुस्तकांत त्याचं नाव क्वचितच सापडतं. माझ्या मते या गोष्टीतला मोठा माणूस तोच.

लेम्बर्गच्या कामातली एक बाब फार महत्त्वाची होती. ही साखळी सुटी नसते, ती एका प्रथिनाला घट्ट जोडलेली असते. हळदीतला रंग हळदीतून काढला तरी पिवळाच राहतो. या निळ्याचं तसं नाही. प्रथिनाने आपल्या घडीत त्या साखळीला ताणून धरलेलं असतं, आणि तशी ताणलेली असते तोवरच ती निळी दिसते. घडी उलगडली की साखळी गुंडाळी होऊन बसते आणि रंग फिका पडतो. द्रव्य सगळं तिथेच असतं, निळेपण गेलेलं असतं. १९८५ साली म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड इथे रॉबर्ट ह्यूबर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी या प्रथिनाची रचना अणूंपर्यंत दाखवली, तेव्हा ही घडी डोळ्यांनी पाहता आली. तीन-तीन जोड्यांची कडी, दोन कड्या एकमेकींवर, जणू चकल्या रचून ठेवाव्यात.

त्याआधी, १९६० च्या दशकात, अमेरिकेत एलिझाबेथ गँट हिने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं होतं की जिवंत पेशीत ही प्रथिनं एकेकटी नसतात. सूर्यप्रकाश गोळा करणाऱ्या दाट गठ्ठ्यांत ती बसलेली असतात. पेशी फोडून ती साध्या पाण्यात सोडली की गठ्ठे सुटतात, मग कड्या सुटतात, आणि एकटं पडलेलं प्रथिन लवकर उलगडतं. मला हे वाचून वारीतल्या दिंडीची आठवण झाली, पण ही उपमा शास्त्रज्ञांना सांगायची नाही.

धंदेवाल्यांनी मात्र हे सगळं समजण्याची वाट पाहिली नाही. जपानमधली डाइनिप्पोन ही शाईची कंपनी १९७० च्या दशकातच स्पिरुलिनाच्या शेतीत उतरली आणि पुढे तिने त्यातून खाण्याचा निळा काढून विकला. च्युइंगगम, बर्फाचे गोळे, कँडी यांत तो चालला. गरम आणि आंबट पदार्थांत नाही. शाई करणाऱ्यांना रंग किती दिवस टिकतो हा प्रश्न नवा नसणार.

आता माझ्या स्वयंपाकघरातली गोष्ट. चार वर्षांपूर्वी मी स्पिरुलिनाची हिरवी पूड आणली, पावतीसकट. रात्रभर थंड पाण्यात भिजवली आणि सकाळी पंचातून गाळली. वर जे पाणी आलं ते निळं होतं, आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं की त्यात लाल झाक चमकत होती. ती लाल चमक ही घडी शाबूत असल्याची खूण. मी उत्साहाने उकळत्या पाकात ते पाणी ओतलं. मिनिटभरात पाक राखाडी झाला. दुसऱ्या वाटीत लिंबू पिळलं, तर पाणी गढूळ होऊन तळाशी गोळे बसले. तिसरी वाटी खिडकीत ठेवली ती आठवड्यात धुवट झाली. उष्णता, आंबटपणा, ऊन. या रंगाचे तिन्ही शत्रू मला एका रविवारी भेटले.

प्रयोगशाळांनी हेच नीट मोजलं आहे. २००५ साली कोपनहेगनमध्ये तीन नैसर्गिक निळे, म्हणजे गार्डेनियाच्या फळातला, नीळ आणि स्पिरुलिनाचा, उष्णतेत आणि उजेडात शेजारी ठेवून तपासले. गार्डेनियाने बाजी मारली. बँकॉकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की फायकोसायनिन सामू साडेपाच ते सहाच्या दरम्यान सुखात असतं आणि ४७ अंशांच्या पुढे झपाट्याने ढासळतं. भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेत त्याआधीच, २००८ मध्ये, कोणतं परिरक्षक त्याला जास्त जपतं हे पाहिलं होतं. सायट्रिक आम्ल उजवं ठरलं. लिंबातलंच आम्ल, पण अगदी बेताने घातलेलं. माझ्या वाटीत ते बेताने नव्हतं.

मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते इटलीतल्या पार्मा इथलं २०१४ चं काम. तिथे साखर आणि मध यांच्या दाट द्रावणात हा निळा तापवला आणि तो साध्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकला. कारण असं सांगतात की साखरेचे रेणू प्रथिनाच्या अंगाला चिकटत नाहीत, थोडं अंतर राखतात. उलगडलेलं प्रथिन जास्त जागा व्यापतं, आणि साखरेच्या गर्दीत पसरायला जागा मिळणं अवघड, म्हणून ते घडीतच राहतं. शिवाय दाट पाकात पाणी मोकळं हलत नाही. पेशीतली गर्दी साखरेने काही अंशी परत दिली, असं मी त्याचं भाषांतर करते. थर पातळ, ऊब बेताची, पाणी भराभर उडालेलं, आंबटपणा नाही. स्मार्टीचं कवच या रंगाला का मानवलं ते आता स्पष्ट झालं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१३ साली स्पिरुलिनाच्या अर्काला पहिली परवानगी दिली तीही फक्त कँडी आणि च्युइंगगमसाठी, मार्स कंपनीच्या अर्जावर. आइस्क्रीम वगैरे पदार्थ पुढच्या वर्षी आले.

सरबत मात्र हाती लागेना. आंबट पाण्यात साखर कितीही घातली तरी प्रथिनं एकमेकांना चिकटून खाली बसतात. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात २०२२ मध्ये त्यावर एक युक्ती तपासली. लाल समुद्रशेवाळातून मिळणारा कॅरजीनन हा चिकट पदार्थ ऋण भाराचा असतो. आंबट पाण्यात प्रथिन धन भाराचं होतं. दोघं एकमेकांना धरतात, आणि प्रथिनांनी आपसांत गोळे करणं थांबतं. एका शेवाळाच्या रंगाला दुसऱ्या शेवाळाने सावरलं.

दुसरी वाट माणसं बदलण्याची नव्हे, शेवाळ बदलण्याची. गाल्डिएरिया सल्फ्युरारिया नावाचं शेवाळ गंधकाच्या गरम झऱ्यांत, पन्नास अंशांच्या वर आणि जवळजवळ तेजाबासारख्या पाण्यात राहतं. त्याचं फायकोसायनिन आंबटपणा बरंच जास्त सोसतं. फ्रान्सच्या फर्मेंटाल्ग कंपनीने त्यावर काम केलं आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेत या निळ्याला शीतपेयांसकट अनेक पदार्थांत परवानगी मिळाली.

हे सगळं वाचताना मनात एक खटका राहतो, तो लपवत नाही. ज्या रंगाला उभं राहायला कॅरजीनन लागतं, सायट्रिक आम्ल लागतं, साखरेचं आवरण लागतं, त्याच्या पाकिटावर 'नैसर्गिक' हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत असतो. शब्द खोटा नाही, पण तो फार काही सांगतही नाही. आणि हा रंग महाग आहे. जो व्यापारी आप्पांना कापडाचा रंग देत होता त्याच्या गिऱ्हाइकापर्यंत हा अजून पोचलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली ती त्यात रोडामाइन बी सापडलं म्हणून. तोही कापडाचाच गुलाबी. आमच्या पडवीतल्या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली होती. स्वस्त आणि टिकाऊ या दोन गुणांपुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही, म्हणून टिकाऊपणावर होणारं हे किचकट काम मला पाकिटावरच्या शब्दापेक्षा मोलाचं वाटतं.

गेल्या संक्रांतीला दादाच्या नातीचं बोरन्हाण होतं. मी पांढरा हलवा नेहमीसारखा केला आणि शेवटच्या दिवशी त्यातला वाटीभर वेगळ्या परातीत घेतला. पाक करून निवू दिला, बोट सुखाने बुडेल इतपत, आणि मग त्यात निळं पाणी घातलं. शेगडीवर परात ठेवली नाही, शेगडीच्या शेजारी ठेवली. सहा थर दिले. रंग फार गडद आला नाही, पहाटेच्या आभाळासारखा आला. वहिनीने काळ्या झबल्यावरच्या हारात मधोमध तेच दाणे ओवले.

हार समारंभानंतर खिडकीशी खुंटीला अडकवून ठेवला होता. रथसप्तमीपर्यंत उजेडाकडची बाजू राखाडी-पांढरी झाली, भिंतीकडची निळी राहिली. स्टीलच्या डब्यात उरलेले दाणे अजून जसेच्या तसे आहेत. दादाने त्यातला एक तळहातावर घेतला, बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला, जिभेवर ठेवला नाही.

"पावती आहे ना गं याची?" त्याने विचारलं.

मी फडताळातून काढून दाखवली. मग त्याने दाणा तोंडात टाकला.